कळशीला नियम नव्हता

बेटावरच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा गावाने एक स्मरणिका काढली. तिची एक प्रत माझ्या खारघरच्या घरी टपालाने आली. मी त्या गावचा नव्हे. तिथल्या प्राथमिक शाळेत अकरा वर्षे मास्तर होतो, एवढाच माझा संबंध. पण पटकीच्या उन्हाळ्याविषयी स्मरणिकेत तीन लेख आहेत, तिन्हींत मी आहे, आणि तिन्ही चुकीचे आहेत.

पहिला लेख लिहिणारे गृहस्थ त्या वर्षी पाळण्यात होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी धवलारणीला बेटावर उतरू दिले नाही, म्हणून तिने होडीत उभे राहून धवले गायले आणि ते ऐकत लग्नघरी लग्न लागले. धवलारीण म्हणजे आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी करणारी आणि धवले, म्हणजे लग्नाची परंपरागत गाणी, गाणारी बाई. ती नसेल तर लग्न लागले असे तिकडे कोणी मानत नाही. हे चित्र सुंदर आहे, पण मे महिन्यात वारा पश्चिमेचा असतो, धक्का पूर्वेला होता आणि लग्नघर टेकाडाच्या पलीकडे होते. होडीतून ओरडलेली हाकही तिथे पोहोचत नसे, मग गाणे दूरच.

दुसऱ्या लेखात ती धवलारीण शाळेच्या खोलीतून पळाली, लग्नघरात शिरली आणि तिच्या पावलांनी बेटावर पटकी आली, असे छापले आहे. तिसऱ्यात मी 'कडक पण प्रेमळ' होतो असा उल्लेख आहे. मी प्रेमळ नव्हतो. पण हे मी सोडून देतो. दुसऱ्या लेखाचे मात्र सोडून देता येत नाही. हे सांगायला इतकी वर्षे का लागली, ते ओघात येईलच.

आज ते बेट उरलेले नाही. खाडीत भराव पडला, त्यावरून रस्ता गेला, आणि तिथे एके काळी होडीने जावे लागे हे तिथल्याच मुलांना सांगावे लागते. तेव्हा मात्र होडीखेरीज वाट नव्हती. साठेक घरे, दोन मिठागरे, भाताची थोडी खाचरे आणि पिण्याच्या पाण्याचे एकच तळे. मे महिन्यात ते तळे इतके आटे की बायका वाटीने पाणी भरत. सगळ्या गावाचे पिणे त्या एका खड्ड्यावर, म्हणजे तिथे एकदा रोग शिरला तर त्याला दुसरीकडे जायची गरजच नव्हती.

आणीबाणी उठून दोन उन्हाळे झाले होते. समोरच्या किनाऱ्यावरच्या गावात पटकीची लागण झाली आणि तालुक्याहून कागद आला. बेटावरच्या सर्वांनी टोचून घ्यावे. लागण झालेल्या गावातून येणाऱ्या प्रत्येकाने, टोचले असले तरी, पाच दिवस शाळेत वेगळे राहावे. त्यानंतरच गावात जावे. सरपंचांनी कागद माझ्या हातात दिला. शाळेला सुटी होती, मी बी. ए.च्या परीक्षेसाठी तिथेच राहिलो होतो, आणि सरकारी मराठी न अडखळता वाचणारा गावात मीच होतो. त्यात मला मोठेपणा वाटला, हे मी लपवत नाही. धक्क्यावर खुर्ची टाकून मी बसू लागलो.

पहिला वाद सुईवरून झाला. आणीबाणीतल्या नसबंदीत सरकारी सुईने आणि सरकारी टेबलाने काय केले ते लोक विसरले नव्हते. पुरुषांनी सरळ विचारले की ही सुई कशाची आहे, आणि ती घेतल्यावर घरी गेलो तर बायको ओळखेल ना. हसू झाले, पण त्या हसण्यात भीती होती. शेवटी गावातला म्हातारा खलाशी पुढे आला आणि त्याने आपला दंड उघडा केला. तो बेटावरच्या मुसलमान घरांपैकी एका घरातला. उभी हयात आगबोटींवर गेलेली, आता गावाची होडी चालवत असे. त्याने सांगितले की एका बंदरात त्यांचे जहाज रोगराईचे पिवळे निशाण लावून आठ दिवस बाहेर उभे होते आणि कप्तानालासुद्धा उतरू दिले नव्हते. त्याच्यानंतर पंधराएक जणांनी टोचून घेतले. बाकीच्यांना मी रेटले.

दुसरा वाद तुर्भ्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांचा. आठवड्याच्या सुटीला ते लागण झालेल्या गावावरूनच घरी येत आणि माझ्या कागदापायी सुटी शाळेच्या ओसरीवर काढून घर न पाहताच परत जात, नाहीतर पाच दिवस खाडा करीत. चौघांनी येणेच सोडले. त्यांच्या आया माझ्याकडे पाहून थुंकत. तशात एके सकाळी तालुक्याचे एक साहेब पाहणीला आले. लागण झालेल्या गावातूनच होडीत चढले होते. मी कागद दाखवला; ते माझ्या पाठीवर थाप मारून हसले, शहाळे प्याले आणि तासाभराने गेले. त्या दिवसापासून जो तो मला एकच प्रश्न विचारू लागला: साहेबाच्या पोटात पटकी राहत नाय का, मास्तर? मला उत्तर नव्हते. उत्तर नसले की माणूस अधिक कडक होतो. मी झालो.

अशा वेळी लग्नाच्या दोन दिवस आधी धवलारीण आली.

लग्न गावातल्या एका होडीमालकाच्या मुलीचे. मुलीचे आजोळ त्याच लागण झालेल्या गावात, आणि धवलारीणही तिथलीच. मुलीच्या आईचे लग्न तिनेच लावलेले. पन्नाशीची, बुटकी, सरळ पाठीची बाई. तिच्या मांडीवर एक तांब्याची कळशी होती, तोंडाला पिवळे फडके बांधलेली. त्या घराची रीत अशी की आजोळच्या विहिरीचे पाणी लग्नघरी यायचे. त्यातले थोडे नवरीच्या हळदीच्या न्हाणात आणि थोडे घरच्या पिण्याच्या रांजणात मिसळायचे. दोन्ही घरे एका पाण्याची झाली, असा त्याचा अर्थ.

मी होडी धक्क्याला लागू दिली आणि तिला शाळा दाखवली. ती कळशी कमरेवर घेऊन शाळेकडे निघाली. बोलले बाकीचे. अर्ध्या तासात शाळेच्या ओसरीवर सगळे गाव जमले.

होडीमालक मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी बोलला. तुर्भ्याची पोरे अडवलीत तेव्हा आम्ही गप्प बसलो, साहेबाला सोडलेत तेव्हाही गप्प बसलो, आता माझ्या मुलीचे लग्न बिनाधवल्यांचे लावू का, असे त्याने विचारले. तुर्भ्याच्या पोरांच्या आयांना त्याची बाजू घ्यावी की आपला राग धरावा, ते कळेना. एक म्हणाली की आमच्या पोरांना नियम आणि त्याच्या धवलारणीला सूट, असे झाले तर आम्ही उद्या सगळ्यांना होडीत घालून आणू. सरपंच दोन्हीकडे मान डोलावत होते. होडीमालकाची थोरली बहीण, म्हणजे नवरीची आत्या, घरात तिचा शब्द चाले. ती पुढे आली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, तुमच्या लग्नात मंत्र कुनी म्हटलंन?"

"भटजींनी."

"त्यांना पाच दिस कोंडून ठेवला असता, तर तुमी बायकोला घरी नेली असती का?"

लोक हसले. मी म्हणालो, नेली असती. त्यावर ती म्हणाली की मग तुमच्या बायकोचे नशीब. पुन्हा हसले. मला ते हसणे लागले, आणि मी ठरवले की माणूस आत जाणार नाही, पण हे लोकही हरले असे वाटू द्यायचे नाही. मला तडजोड सुचली आणि ती सुचताच मी स्वतःवर खूश झालो. धवलारीण शाळेत राहील. आत्याला निम्म्याहून अधिक धवले पाठ होते. ती आणि आणखी दोघी मिळून म्हणतील. आणि आजोळचे पाणी मात्र लग्नघरी जाईल, म्हणजे धवलारणीच्या हातचे काहीतरी तिथे पोहोचले असे होईल.

सरपंचांनी लगेच मान डोलावली. होडीमालकही सैल झाला. तेवढ्यात ओसरीच्या कडेला उकिडवा बसलेला खलाशी बोलला.

"मास्तर, जहाजावर पहिलं पानी दर्यात वतून टाकाया लावीत. मानसं मंग."

मी हातातला कागद त्याच्यापुढे धरला. "इथे बघा, काका. येणाऱ्या व्यक्ती, असे लिहिले आहे. पाण्याचा नियम नाही."

त्याला वाचता येत नव्हते, हे मला माहीत होते. ही गोष्ट कोणत्याही लेखात नाही, कारण ओसरीवर ती फारशी कोणी ऐकली नव्हती. मी ऐकली होती.

धवलारणीने कळशी आपल्या हाताने आत्याकडे दिली आणि फडके कधी सोडायचे ते सांगितले. मग ती शाळेच्या दुसऱ्या खोलीत गेली आणि पाच दिवस तिथून बाहेर पडली नाही. मी ओसरीवर झोपत होतो. खोलीला दार एकच, आणि त्याच्या पुढ्यात माझी वळकटी. तिच्या पळण्याची गोष्ट ज्यांनी लिहिली त्यांनी तिला निदान माझ्या अंगावरून तरी न्यायला हवे होते. लग्नाच्या सकाळी, मुहूर्ताच्या सुमारास, तिने आत भिंतीकडे तोंड करून सगळे धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. आवाज मोठा केला नाही. ते ऐकणारा मी एकटा. होडीतल्या गाण्याची गोष्ट बहुधा यातूनच निघाली, कारण पुढे मी ते कोणाला तरी सांगितले होते.

लग्न लागले. धवले कमी पडले तिथे बायकांनी तेच दोनदा म्हटले. पाणी रांजणात गेले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत त्याच घरातली आणखी चार माणसे पडली. खलाशी आणि मी आत्याला होडीत घालून पलीकडच्या दवाखान्यात नेले. ओहोटी होती, शेवटचा चिखल आम्ही तिला झोळीतून ओलांडला. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावले आणि मला एकच विचारले: घरात बाहेरचे पाणी आले होते का? मी हो म्हणालो. त्यांनी रांजण फोडायला सांगितले आणि ब्लीचिंग पावडरीची पुडी दिली. परत येऊन मी होडीमालकाच्या डोळ्यांदेखत त्याचा रांजण काठीने फोडला. त्याने का म्हणून विचारले नाही. त्याच्या घराबाहेर कोणीही आजारी पडले नाही, तळे वाचले. चौघे उठले. आत्या तिसऱ्या दिवशी गेली.

दिवसकार्य झाल्यावर गावकी बसली. विषय धवलारणीचा. तोवर गावात पसरले होते की ती एका पहाटे खोलीतून निसटली, लग्नघराच्या मागच्या पडवीत आत्याला धवले सांगून आली. पाहिले कोणीच नव्हते. पण सगळ्यांना माहीत होते. ठरत असे होते की तिला बेटावर पुन्हा बोलवायचे नाही, आणि सोयऱ्यांच्या गावांनाही तसे कळवायचे.

मी उभा राहिलो. ती खोलीबाहेर गेली नाही, हे मी सांगितले.

सरपंच म्हणाले, "मंग रोग आला कसा, मास्तर?"

साधा प्रश्न होता. डॉक्टरांनी विचारलेलाच जवळजवळ. तिथे मी एका शब्दात उत्तर दिले होते. इथे समोर साठ घरे बसली होती, आणि कागद माझ्या खिशात होता. मी म्हणालो, ते मला सांगता येणार नाही. आणि खाली बसलो. खलाशी माझ्याकडे पाहत होता. तो माझ्याआधी बोलू शकला असता, पण बोलला नाही. माझी वाट पाहत होता, असे मला आजही वाटते. ठराव झाला.

ज्याची आयुष्यभर भांडखोर म्हणून ख्याती, अशा माणसाच्या बाबतीत हे लिहून ठेवायला हवे. मी अधिकाऱ्यांशी भांडलो, बदलीच्या हुकमांशी भांडलो, सोसायटीच्या सभांत अजूनही भांडतो. त्या दिवशी मी एका वाक्यानंतर खाली बसलो.

पुढे माझी बदली झाली. नवे शहर उभे राहू लागले, जमिनी गेल्या, कामोठ्याकडची भातशेती ओसाड पडू लागली, आणि आम्हा मास्तरांना नव्या वसाहतींतल्या शाळांत नेमणुका मिळाल्या. ऐंशीचे दशक अर्धे सरले असेल. तुर्भ्याच्या बाजारात मला ती धवलारीण दिसली. सुकट विकत होती. तिने मला आधी ओळखले आणि बसायला गोणपाट पुढे केले.

बोलता बोलता तिने सांगितले की त्या वर्षानंतर तिला एकाही लग्नाचे बोलावणे आले नाही. बेटाचे तर नाहीच. इतरही गावे हळूहळू थांबली. आता मुलीच्या मुलीचे लग्न ठरले होते, आणि मुलगा नेमका बेटावरचा, त्या होडीमालकाचा पुतण्या. मुलाकडच्यांनी सगळे मान्य केले होते, एक अट घालून: धवले आजीने गायचे नाहीत. दुसरी बाई आणायची.

"मना माज्याच नातीच्या लग्नात गाता येत नाय, मास्तर. तुमी दाराशी निजलंवतं. तुमाला ठाव हाय."

मी म्हणालो की मी जातो आणि सांगतो. तिने आभार मानले नाहीत. मानू नयेत असेच होते.

दोन दिवसांनी मी बेटावर गेलो. होडीमालक आता नुसताच म्हातारा झाला होता. होडी विकलेली, जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालणारा. पडवीत आम्ही दोघेच होतो. मी पहिल्यापासून सगळे सांगितले: ती बाहेर पडली नाही, पाण्याला मी परवानगी दिली, खलाशाने सांगितले ते मी ऐकले नाही, डॉक्टरांनी विचारले तेव्हा मला कळले, गावकीत मी गप्प बसलो. बोलताना मला बरे वाटू लागले होते. खरे बोलणाऱ्या माणसाला वाटते तसे.

तो रापलेल्या हाताने गुडघा चोळत राहिला.

"रांजन तुमी माज्यासमोर फोडला, मास्तर. मी काय आंधला हाय?"

त्याने गुडघ्यावरचा हात काढला.

"बाईनं रोग आनला नाय, तर मंग कुनी आनला? रीत माज्या घरची. पानी मी मागवलेला. रांजनात मी वतलेला. बहीन माजी गेली." त्याने माझ्याकडे पाहिले. "तुमी सगल्यांना सांगाल, तुमचा जीव हलका होईल. मी कुठं जाऊ?"

पळून गेलेल्या बाईची ती गोष्ट गावाने का इतकी घट्ट धरली होती, ते मला त्या पडवीत कळले. गाव अडाणी होते म्हणून नव्हे. गावाने त्याला सांभाळले होते, आणि त्यासाठी बाहेरची एक बाई पुरेशी होती. मी वाद घालायला आलो होतो. घालण्यासारखा वाद शिल्लक नव्हता.

शेवटी त्यानेच तोड काढली. धवले आजीच गाईल, तो घरात सांगेल, कोणी आडवे येणार नाही. पण पाण्याची गोष्ट त्याच्या हयातीत कोणाला सांगायची नाही. मी हो म्हणालो. परतताना माझ्या लक्षात आले की मी पुन्हा एकदा तडजोड केली होती, आणि पुन्हा एकदा त्या बाईला न विचारता.

म्हणून इतकी वर्षे मी गप्प राहिलो. तो होडीमालक गेला, त्याआधी धवलारीण गेली. खलाशी तर कधीच गेला. ज्यांना माझी आवृत्ती मान्य नसेल त्यांनी मला पत्र लिहावे. मी उत्तर देईन, पण आता पहिल्यासारखे लांब नाही.

त्या दिवशी मी बेटावरून थेट तुर्भ्याला गेलो. बाजार उठत आला होता, ती टोपली आवरत होती. मी अट सांगितली. तिने हातातले सुकटाचे माप खाली ठेवले.

"म्हंजे मी गायचा, पन पलाली ती मीच?"

"हो," मी म्हणालो.

तिने टोपलीवर फडके टाकले, त्याची चारी टोके सावकाश खोचली. मग मला विचारले की मुलाकडच्यांनी लग्नाचा मुहूर्त सकाळचा काढला आहे की दुपारचा, कारण सकाळचा असला तर आवाज सुटायला तिला पहाटेपासून गुणगुणावे लागेल. सात वर्षे ती गायली नव्हती.

मुहूर्त कोणता, हे मी विचारूनच आलो नव्हतो.